यवनांचा कायमचा पत्ता

गेले तीन आठवडे एक फॉर्म माझ्या लॅपटॉपवर अर्धवट भरून पडला आहे. पासपोर्ट नंबर, डिग्री, नोकरीचा अनुभव, सगळं भरून झालंय. अडलोय ते एका साध्या रकान्यापाशी. ‘कायमचा पत्ता.’

मला लिमासोलला नोकरी लागली आहे. सायप्रस बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, भूमध्य समुद्राकाठचं हे शहर. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या मानाने अगदी छोटं. भाषा ग्रीक, पैसा युरो, ऑफिसपासून समुद्र दहा मिनिटांवर. मित्रांना याचा हेवा वाटतो. आईला वाटत नाही. भाकरी थापता थापता तिने एकदाच विचारलं, “तिकडं गेलास की तिकडचाच होशील का रे?” मी म्हणालो, “काहीतरीच काय!” तिने तवा उतरवला आणि विषय संपला. पण प्रश्न काही संपला नाही.

आमचं गाव मळवली स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. घराच्या मागच्या बाजूने बघितलं की कार्ल्याचा डोंगर दिसतो. एकवीरा आईचा डोंगर. लहानपणापासून किती वेळा चढलोय त्याची गणती नाही. चैत्रातल्या यात्रेला मुंबईहून, अलिबागहून कोळी लोक येतात, पालख्या नाचवतात. देवळाला खेटूनच कार्ल्याची लेणी आहेत. आमच्यासाठी ती देवीला जाताना दिसणारी, तिकीट काढून बघायची जागा. आत काय लिहिलंय, हे मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

विचारलं ते आत्ता, जायची वेळ आली तेव्हा. आणि मग कळलं की आईने मला जो प्रश्न विचारला, तो आमच्या घरामागच्या डोंगरावर जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच कोरून ठेवलेला आहे. फक्त उलट्या बाजूने.

कार्ल्याचं मोठं चैत्यगृह आतून सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच आहे. हे सगळं एका अखंड कातळात खोदलेलं. छताला सागवानी कमानी आहेत आणि त्या आजही जागेवर आहेत. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आणि स्तूपाच्या मागे सात साधे खांब, असे एकूण ३७. बाजूच्या खांबांच्या डोक्यावर गुडघे टेकलेले हत्ती, त्यांच्यावर बसलेली जोडपी. आपण वर बघत चालतो आणि फोटो काढतो. लेख मात्र खांबांच्या अंगावर आहेत, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. त्यातला एक असा आहे:

“धेनुकाकटा यवनस सिहधयानं थंभो दानं.”

म्हणजे, धेनुकाकटाहून आलेल्या यवन सिंहध्वजाचं दान, हा खांब. असे यवनांचे किमान सहा खांब इथे आहेत. सिंहध्वज, धर्म, यशोवर्धन अशी त्यांची नावं.

‘यवन’ हा शब्द आपण शाळेच्या इतिहासात आणि बखरींत वाचलेला असतो. तिथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा मुसलमान असा असतो. पण तो अर्थ खूप नंतरचा. मूळ शब्द आला ‘आयोनिया’वरून. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिलेटस, एफेसस, स्मिर्ना अशी ग्रीक शहरं होती. त्या पट्ट्याचं नाव आयोनिया. इराणी लोक तिथल्या माणसांना ‘यौन’ म्हणत. आपल्याकडे त्याचं ‘योन’, ‘योनक’, ‘यवन’ झालं आणि मग सगळ्याच ग्रीकांना, पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या कुणालाही तेच नाव चिकटलं. म्हणजे मुळात जाऊन बघितलं तर यवन म्हणजे समुद्राकाठच्या लहान ग्रीक शहरातला माणूस. मी उद्या ज्यांच्यात जाऊन राहणार आहे, ते माझ्या डोंगरावरच्या भाषेत सगळे यवनच.

ही माणसं मावळात पोचली कशी?

रोमन साम्राज्याने इसवी सन पूर्व ३० मध्ये इजिप्त घेतलं आणि भारताशी चाललेला समुद्री व्यापार एकदम वाढला. स्ट्रेबो नावाचा भूगोलकार लिहितो की लाल समुद्रावरच्या एका बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे निघत. माल अलेक्झांड्रियातून नाईल नदीने वर यायचा, मग उंटांवरून वाळवंट ओलांडून बेरेनिके किंवा मायोस होर्मोस या बंदरांत. जुलैच्या सुमारास जहाजं निघायची आणि नैऋत्य मोसमी वारा त्यांना ढकलत आपल्या किनाऱ्याला आणायचा. लोणावळ्यात ज्या वाऱ्याने छत्र्या उलट्या होतात, तोच हा वारा. परत जायला मात्र वारा फिरायची वाट बघावी लागे. म्हणजे येणाऱ्याला इथे काही महिने मुक्काम करणं भागच होतं. काही जणांचा मुक्काम लांबला असणार. काही जण राहूनच गेले असणार.

पहिल्या शतकात एका अनामिक व्यापाऱ्याने ग्रीकमध्ये लिहिलेली एक पुस्तिका आहे, ‘पेरिप्लस’. त्या काळचं ते मार्गदर्शक पुस्तकच. भडोचला काय खपतं? दारू, आणि त्यातही इटलीची आधी, मग लाओडिसियाची. लाओडिसिया म्हणजे आजच्या सीरियातलं लाटाकिया, पुन्हा भूमध्य समुद्रावरचंच एक गाव. शिवाय तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच. इकडून काय न्यायचं? सुती कापड, हस्तिदंत, अकीक, मिरी. कल्याण आणि चौल ही बंदरंही त्यात आहेत. कल्याणबद्दल तर इशारा आहे. तिथे चुकून पोचलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असं तो सांगतो. स्थानिक राजांच्या भांडणात परदेशी माणसाचे हाल, हेही जुनंच आहे म्हणायचं.

कोकणातल्या बंदरांतून देशावर माल चढवायचा तर घाट हवा. बोरघाट हा त्यातला एक. आज एक्स्प्रेसवे आणि रेल्वे जिथून चढतात त्याच बाजूची ही वाट. आणि घाट चढून आलं की समोर भाजे, कार्ले, थोडं पुढे बेडसे. मावळातली ही लेणी उगाच कुठेतरी रानात खोदलेली नाहीत. ती रस्त्यावरची आहेत. व्यापारी जात-येत होते, भिक्षू राहत होते, दान मिळत होतं. ‘मावळ’ हे नावसुद्धा तिथल्याच सातवाहनकालीन लेखात ‘मामाल’ म्हणून येतं. कार्ल्याचं तेव्हाचं नाव वलुरक.

आता खरा प्रश्न. सिंहध्वज, यशोवर्धन, धर्म ही नावं ग्रीक आहेत का? अजिबात नाहीत. म्हणून अभ्यासकांत शंभरेक वर्षं वाद आहे. कुणी म्हणतं, हे खरेच ग्रीक, बौद्ध झाले आणि नावं बदलली. कुणी म्हणतं, हे बऱ्याच पिढ्या इथे राहिलेले, ‘यवन’ फक्त घराण्याची ओळख म्हणून उरलेला. कुणाला वाटतं, यवनांच्या वस्तीत राहणाऱ्या, त्यांच्याशी व्यापार करणाऱ्या इथल्याच लोकांनाही हे नाव पडलं असेल.

मला यात मदत झाली ती नाशिकच्या लेण्यांतल्या एका लेखाची. सतरा नंबरच्या लेण्यात एक माणूस स्वतःची ओळख देतो: उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा, योनक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. त्याने लेणं खोदवलं, आत चैत्य केला, पाण्याच्या पोढी केल्या. कुणासाठी? आईवडिलांसाठी. आणि या दानात त्याचा मुलगाही सोबत आहे, त्याचं नाव धम्मरक्षित. वडील धम्मदेव, मुलगा इंद्राग्निदत्त, नातू धम्मरक्षित. तीन पिढ्या, तिन्ही नावं इथली. तरीही तो स्वतःला योनक म्हणवतो.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं नव्हतंच. तिसऱ्या पिढीपर्यंत माणूस ‘इकडचा’ झाला होता आणि ‘तिकडचा’ही राहिला होता. दोन्ही एकाच ओळीत लिहायला त्याला लाज वाटली नाही आणि कोरणाऱ्यालाही अडचण आली नाही.

कार्ल्याच्या यवनांनी आणखी एक गोष्ट केली आहे, आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. त्यांनी पत्ता लिहिलाय तो अलेक्झांड्रियाचा नाही, मिलेटसचा नाही. पत्ता आहे ‘धेनुकाकट’. आपल्याकडचं गाव. ते नेमकं कुठे होतं, यावर एकमत नाही. कुणी डहाणू म्हणालं, कुणी आंध्रातलं धरणीकोट. दामोदर धर्मानंद कोसंबी गणितज्ञ होते, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला नोकरीला जायचे, म्हणजे रोज आमच्या स्टेशनवरूनच. त्यांनी या डोंगरवाटा पायी पालथ्या घातल्या आणि धेनुकाकट ही कार्ल्याच्याच आसपासची व्यापारी वस्ती असावी असं मांडलं. ते गाव आज नकाशावर नाही. पण तिथल्या माणसांनी दिलेले खांब उभे आहेत.

आणि ते एकटे उभे नाहीत. धेनुकाकटाच्याच सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने एक दार दिलंय. तिथल्याच सामी नावाच्या सुताराने दुसरं दार केलंय. लेखात त्याला ‘वढकी’ म्हटलंय, विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात. सोपाऱ्याहून आलेल्या एका भाणकाचा, म्हणजे धर्मग्रंथ म्हणून दाखवणाऱ्या भिक्षूचा, एक खांब आहे. बाहेरचा सिंहस्तंभ एका महारठीच्या घरातला. आणि कर्नाटकातल्या वैजयंतीचा, म्हणजे बनवासीचा, भूतपाल शेठ सांगतो की जंबुद्वीपात उत्तम असं हे शैलगृह त्याने पूर्ण केलं. आम्हा इंजिनिअर लोकांना हे ओळखीचं वाटेल. मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टचा कमिट लॉग असाच दिसतो. कोण कुठला, त्याने काय जोडलं, एवढंच. कुणाची नोंद मोठी, कुणाची एका ओळीची. छत मात्र सगळ्यांवर मिळून उभं.

आता याच समुद्रावरची उलटी वाट बघू. मावळाच्या खाली, घाट उतरून, अलिबागजवळ नवगाव नावाचं गाव आहे. बेने इस्रायली लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज इथे फुटलं आणि सात जोडपी वाचली. ही माणसं कोकणातल्या गावांत राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी झाली. नावंही बदलली. सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहमचा आबाजी. सिंहध्वजाच्या घरात जे झालं असेल, तेच. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी. आणि आडनावं? पेणकर, रोहेकर, दिवेकर, नागावकर. जिथे राहिले त्या गावाचं नाव आणि पुढे ‘कर’. ‘धेनुकाकटा यवनस’ म्हणण्याची ही मराठी पद्धतच.

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि यांतले हजारो जण तिकडे गेले. बरेच जण अश्दोदला स्थायिक झाले. १९५६ मध्ये वसवलेलं, भूमध्य समुद्राकाठचं शहर. अश्दोद रिकाम्या पाटीवर उभं राहिलं असं नाही. जवळच इसदुद हे अरब गाव होतं, १९४८ च्या युद्धात तिथली माणसं परागंदा झाली. एकाचं घर वसतं तेव्हा दुसऱ्याच्या पत्त्याचं काय झालं, हे विचारायला हवं. धरणाखाली गेलेल्या गावांच्या मावळात वाढलेल्या माणसाने तर विचारायलाच हवं.

शतकानुशतकं ‘आपण तिकडचे’ म्हणत आलेली ही माणसं तिकडे पोचली, आणि तिथे त्यांना विचारलं गेलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? १९६२ च्या सुमारास लग्न लावताना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा तिथल्या धर्मपीठाचा आदेश निघाला. बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ मध्ये तिथल्या संसदेला जाहीर करावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. कोकणात शनवार तेली, इस्रायलमध्ये हिंदुस्थानी. तरीही त्यांनी तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. पेणकर पेणकरच राहिले. मलिद्याच्या ताटात पोहे आणि खोबरं राहिलं.

हे सगळं वाचत असताना एक गोष्ट मला टोचत होती. ती सांगायची नव्हती, पण तिच्याशिवाय हा लेख खोटा होईल.

आमच्या गावात ‘बाहेरचे’ हा शब्द रोज वापरला जातो. बंगलेवाले बाहेरचे. शनिवारी येतात, रविवारी जातात, रस्ते अडवतात, पाणी उपसतात. त्यातला एक बंगला आमच्याच जमिनीवर आहे. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा फीसाठी अण्णांनी रस्त्याकडेचे पाच गुंठे विकले. घेणारे मुंबईचे, वयस्कर नवरा-बायको. आता ते तिथेच कायमचे राहतात, कधी काळी भात लावायचो त्या जागेवर. गावच्या शाळेच्या नव्या वर्गासाठी त्यांनी पैसे दिले होते. भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे. नाव आणि पुढे गाव. त्यांच्या नावापुढे आमच्या गावाचं नाव लिहिलंय. तेव्हा मी मित्रांसोबत त्यावर हसलो होतो. “बघ, म्हणे आमच्या गावचे!”

धेनुकाकटाच्या बाजारातही कुणीतरी असंच हसलं असेल. सिंहध्वज म्हणे! दारू विकायला आला आणि खांब देतोय. आज त्या हसणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही.

गेल्या रविवारी आईला घेऊन वर गेलो. आधी एकवीरेचं दर्शन, मग लेणी. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, पायऱ्यांवर चार वेळा बसली. आत एका खांबाशी उभं राहून मी तिला तो लेख वाचून दाखवला, पुस्तकातून पाठ केलेला. ‘थंभो’ म्हणजे खांब, हे तिला सांगावं लागलं नाही. “थांब, थांबणं, त्यातलंच ना?” म्हणाली. मी नंतर बघितलं, मूळ एकच आहे.

“म्हंजे हा गोरा माणूस होता?” तिने विचारलं.

“असेल. किंवा त्याचा आजा असेल.”

“आणि गाव इथलं लिवलंय?”

“हो. आणि यवन पण लिहिलंय.”

ती थोडा वेळ हत्तींकडे बघत होती. मग म्हणाली, “मग लिवता आलं त्याला दोन्ही. तुला काय झालंय?”

खाली उतरल्यावर बंगल्यावरून जाताना आईने फाटकाशी थांबून त्या बाईंना हाक मारली, देवीचा प्रसाद दिला. पाच मिनिटं दोघी पाण्याच्या टँकरबद्दल बोलल्या. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्या काकांचं गाव कुठलं, हे विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. ते मूळचे कारवारचे निघाले.

रात्री फॉर्म उघडला. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात गावाचं नाव, तालुका मावळ, जिल्हा पुणे असं लिहिलं. खाली ‘राहण्याचं ठिकाण’ होतं, तिथे लिमासोल. दोन्हींत खोटं काही नव्हतं. दुसरा पत्ता खरा व्हायला वेळ लागेल. तो फॉर्म भरून होत नाही, तिथल्या कुठल्यातरी छताखाली आपला खांदा लागावा लागतो. तिथली भाषा शिकणं, तिथल्या एखाद्या शाळेच्या, ग्रंथालयाच्या, गल्लीच्या कामात उतरणं. तोवर मी तिथे बाहेरचा असेन, आणि कुणी हसलं तर हसू देईन.

सबमिट केलं. आईला सांगितलं, झालं एकदाचं. ती म्हणाली, “लांडे भिजवलेत, सकाळी उसळ खाऊन जा.” मी म्हटलं, अगं उद्या नाही, दोन महिन्यांनी जायचंय.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “उद्या ऑफिसला जायचंय ना?”